वाट चालायची की चुटकीसरशी पोहोचायचे?



संगणकावरच्या आणि मोबाइलवरच्या खेळांचा विषय निघाला की घरातली वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. अभ्यास सोडून पोरे त्यात गुंततात, हा त्यांचा राग काही खोटा नाही. परंतु ज्या घरात चौदा-पंधरा वर्षांचे मूल आहे, त्या घरात हे खेळ येऊन बसलेलेच आहेत. तेव्हा दारातून शिव्या घालण्यापेक्षा आत नेमके काय चालते ते एकदा पाहून घ्यावे, म्हणून आजचा हा विषय. खेळणाऱ्या पोरांमध्ये या एका मुद्द्यावरून हमरीतुमरीवर येण्याइतके वाद होतात, आणि मुद्दाही डोके लावण्यासारखाच आहे.

आधी खेळ कसला ते सांगतो. शेकडो-हजारो माणसे आपापल्या घरून, इंटरनेटवरून, एकाच वेळी एका काल्पनिक मुलखात उतरतात. त्या मुलखात शहरे आहेत, जंगले आहेत, डोंगर आणि समुद्र आहेत. कोणी कुठे जावे, काय करावे, यावर बंधन नाही. कोणी लढाया करतो, कोणी खाण खणतो, कोणी नुसता व्यापार करतो. पोरे याला ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात, म्हणजे मोकळे जग. आता एवढा मोठा मुलूख म्हटल्यावर या टोकाहून त्या टोकाला जायला वेळ लागणारच. म्हणून बऱ्याच खेळांत एक सोय असते. नकाशा उघडायचा, हव्या त्या गावावर बोट ठेवायचे, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तुम्ही त्या गावात उभे! या सोयीला म्हणतात ‘फास्ट ट्रॅव्हल’. वाद असा की, ही सोय दिली की ते मोकळे जग खरोखर जग राहते, की त्याची नुसती ठिकाणांची यादी होते?

या वादाचा सर्वांत बोलका दाखला जुना आहे. ‘एव्हरक्वेस्ट’ नावाचा खेळ मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. त्यातल्या नोराथ नावाच्या जगात एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे तर पायी जावे लागे. खंड ओलांडायचा तर बोट. फ्रीपोर्ट शहराच्या धक्क्यावर जाऊन उभे राहायचे, बोट येईपर्यंत थांबायचे, आणि मग अश्रूंचा समुद्र ओलांडून बुचरब्लॉकच्या डोंगराळ किनाऱ्याला लागायचे. बोटीला स्वतःची वेळ होती, ती कोणासाठी थांबत नसे. काही जण वाटेत समुद्रात पडत, तेही होते! पण धक्क्यावर थांबलेल्या चार अनोळखी माणसांना बोलण्यावाचून दुसरे काम नसे. कुठून आलात, कुठे निघालात, तिकडे हल्ली धोका कितपत आहे, अशा चौकशा होत आणि उतरेपर्यंत सोबत जमलेली असे.

सोबतीची गरजही खरी होती. रिव्हरवेल या ठेंगू लोकांच्या गावाकडे जाणारी एक वाट किथिकोरच्या जंगलातून जाते. दिवसा ते जंगल बरे. रात्र पडली की तिथे मुडदे उठत आणि नवख्या खेळाडूचा क्षणात निकाल लावत. खेळातला एक दिवस आपल्या ७२ मिनिटांचा; तेव्हा जाणती माणसे जंगलाच्या कडेला उजाडण्याची वाट पाहत बसून राहत. बरे, तिथे मेले म्हणजे गोष्ट संपली असेही नाही. अंगावरचे सगळे सामान प्रेतापाशीच राही आणि ते आणायला पुन्हा रिकाम्या हाताने त्याच जंगलात शिरावे लागे. अशा वेळी ‘मी येतो तुमच्याबरोबर’ म्हणणारा माणूस काय मोलाचा वाटत असेल, ते सांगायला नको.

आता गंमत पाहा. त्या जगात झटपट प्रवास मुळीच नव्हता असे नाही. होता, पण तो माणसांच्या हातात होता. ड्रुइड आणि विझार्ड या दोन वर्गांच्या खेळाडूंना मंत्र टाकून इतरांना दूरच्या मुलखात पोहोचवता येई. साहजिकच त्यांनी तो धंदा केला. चार नाणी घ्यायची, सवारी पोहोचवायची, परत येऊन पुढचे गिऱ्हाईक शोधायचे. शामन वर्गाच्या खेळाडूकडे पाय भरभर उचलवणारा लांडग्याचा मंत्र असे. लांबच्या वाटेला निघणारा आधी त्याला गाठून तो घेई. ईस्ट कॉमनलँड्स या भागात एक बोगदा होता. अनेक सर्व्हरवर, म्हणजे त्या खेळाच्या वेगवेगळ्या वस्त्यांमध्ये, खेळाडूंनी आपण होऊन तिथे बाजार भरवला होता. कंपनीने तो आखून दिलेला नव्हता. जाण्या-येण्याच्या वाटेवर जागा सोयीची, म्हणून माणसे बसली आणि बाजार झाला.

डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने बाजारासाठी वेगळी जागा काढली आणि बोगद्यातली गर्दी तिकडे गेली. पुढे ऑक्टोबर २००२ मध्ये ‘प्लेन्स ऑफ पॉवर’ नावाची भर आली आणि ठिकठिकाणी जादूची पुस्तके ठेवली गेली. पुस्तकाला हात लावला की एका मध्यवर्ती नगरात, आणि तिथून जगाच्या दुसऱ्या टोकाला. फुकट. लोकांना आनंद झाला आणि का होऊ नये? पण मंत्र टाकून सवारी नेणाऱ्यांचे गिऱ्हाईक घटले, धक्क्यावर बोटीची वाट पाहायला कोणी उरले नाही, आणि मधल्या गावांतून, जंगलांतून जाण्याचे कारणच नाहीसे झाले. गावे नकाशावर होती तशीच होती. गावाबाहेरून बायपास गेला की जुन्या रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांचे जे होते, ते त्यांचे झाले.

मला या सगळ्यातून कळते ते एवढेच की, अशा जगात अंतर हे निम्म्या लोकांचे काम असते. रस्ता लांब आहे म्हणून वाटाड्या लागतो, धोक्याचा आहे म्हणून सोबती लागतो, माल सगळीकडे मिळत नाही म्हणून व्यापारी लागतो. अंतर पुसले की ही माणसे बेकार होतात. जग ओसाड वाटायला लागते ते त्यामुळे. डोंगर-दऱ्यांचे चित्र पाहायला मिळाले नाही, ही त्या मानाने किरकोळ तक्रार.

पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि त्याने अफाट लोकप्रियता मिळवली. त्याने सुरुवातीला मधला मार्ग काढला होता. उडत्या प्राण्यांची टॅक्सी होती, पण थांबे ठरलेले. प्रत्येक थांबा पहिल्यांदा आपल्या पायांनी गाठायचा, मगच तिथून बसता येई. भाडे पडे, वेळही जाई. खालचा मुलूख सरकताना दिसे. मुक्कामी परतण्यासाठी एक दगड दिलेला असे, तो तासातून एकदाच चाले. चाळिसाव्या पायरीपर्यंत स्वारीला जनावर नाही. वॉरलॉक वर्गाच्या खेळाडूला दूरच्या साथीदाराला मंत्राने बोलावता येई, परंतु त्यासाठी जागेवर आणखी दोघांचे हात लागत. म्हणजे तिघे आधी चालत गेले तर चौथ्याचा प्रवास वाचला. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते.

डिसेंबर २००९ मध्ये तिथे एक बटण आले. राक्षसांच्या गुहेत जायला पाच जणांची टोळी लागते. पूर्वी ती हाका मारून जमवावी लागे आणि मग सर्वांनी गुहेच्या तोंडाशी पोहोचावे लागे. आता बटण दाबले की यंत्रच पाच जण जुळवते आणि थेट गुहेत नेऊन सोडते. त्यातले चौघे दुसऱ्याच सर्व्हरचे असू शकतात. काम झाले की पाचही जण पाच दिशांना, पुन्हा भेट होईलच असे नाही. आधी एखाद्याने वाटणीत लबाडी केली तर त्या वस्तीत त्याचे नाव खराब होई आणि पुढच्या वेळी त्याला कोणी बरोबर घेत नसे. बटण आल्यावर ही लाज उरली नाही. मात्र ज्याला महिनोन्‌महिने कोणी टोळीत घेत नव्हते, अशा नवख्यालाही त्याच बटणाने गुहा दाखवली, हेही लिहिलेच पाहिजे.

लोकांचे मन याबाबतीत किती दुटप्पी आहे पाहा. नोव्हेंबर २०१४ मध्ये याच खेळाचा नवा मुलूख खुला झाला तेव्हा कंपनीने तिथे स्वतःच्या प्राण्यावरून उडण्याची मुभा दिली नाही. माणसे जमिनीवरून फिरावीत, हा हेतू. २०१५ मध्ये यावरून एवढा गदारोळ झाला की कंपनीला माघार घ्यावी लागली. ठरले असे की, आधी सारा मुलूख पायाखाली घालावा, मगच उडावे. आणि याच लोकांसाठी ऑगस्ट २०१९ मध्ये जुना, सावकाश चालीचा खेळ पुन्हा सुरू केला, तेव्हा आत शिरायला तासन्‌तास रांगा लागल्या! सप्टेंबर २०२२ मध्ये त्या जुन्या खेळाचा पुढचा भाग ते टोळी जुळवणारे बटण मुद्दाम वगळून काढला गेला. पुढे मागणीमुळे तेही परत आणावे लागले.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्या घरांच्या जास्त जवळची आहे. लांब रस्त्याचे गोडवे गाणारे बहुधा ते असतात, ज्यांच्यापाशी वेळ असतो. तासाला पैसे मोजून सायबर कॅफेत बसणारा मुलगा आठवा. आजही घरात एकच मोबाइल, तो बापाची पाळी सुटल्यावर हातात येणार, ताई त्यावर अभ्यासाची चित्रफीत पाहणार, आणि उरलेला पाऊण तास धाकट्याचा. त्या पाऊण तासातली वीस मिनिटे बोटीची वाट पाहण्यात गेली तर त्याने खेळायचे केव्हा? दिवसभर डिलिव्हरीच्या गाडीवर शहर पालथे घालून आलेल्या पोराला खेळातही आणखी वणवण करायला सांगणे क्रूरपणाचे आहे. ‘वाटेतच खरी मौज’ हे वाक्य त्याच्यापुढे उच्चारायला मी तरी धजणार नाही. शिवाय प्रत्येक रस्ता चालण्याजोगा असतोच असे नाही. कित्येक खेळांत कंपनीने मुलूख मोठा दिसावा म्हणून नुसती माळरानाची पोकळ लांबी वाढवलेली असते. ना कोणी भेटत, ना काही घडत. तिथे चालायला लावणे म्हणजे निव्वळ वेळ खाणे. आणि एखादा रस्ता पहिल्यांदा चालणे वेगळे, तोच विसाव्यांदा चालणे वेगळे.

झटपट प्रवास माणसे तोडतो, असे सरसकट म्हणताही येत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या ‘गिल्ड वॉर्स २’ या खेळात पहिल्या दिवसापासून थांब्यांचे दाट जाळे आहे. थांबा एकदा पायी जाऊन शोधायचा, नंतर थोडी नाणी मोजून केव्हाही तिथे उतरायचे. स्वारीची जनावरे तर सप्टेंबर २०१७ पर्यंत नव्हतीच. तिथे टेकॅटल नावाचा एक प्रचंड ड्रॅगन आहे, तो वेळापत्रकाप्रमाणे दलदलीतून वर येतो. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याला इतके बळकट केले गेले की पाच-दहा जणांचे तिथे काम नाही, मोठा जमावच लागतो. वेळ झाली की मुलखाच्या कानाकोपऱ्यातून माणसे थांब्यांवर उतरतात आणि एकमेकांना ओळखत नसताना खांद्याला खांदा लावून लढतात. ही माणसे चालत यायची असती तर निम्मी पोहोचलीच नसती. म्हणजे झटपट प्रवास तिथे गर्दी जमवतो. फरक कशाने पडला? पोहोचल्यावर दुसऱ्या माणसाची गरज शिल्लक आहे, याने.

मग तोडगा काय? माझ्या मते तो आइसलँडच्या लोकांनी सर्वांत चांगला काढला. तिथल्या कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ मे २००३ पासून चालू आहे. त्याचे जग म्हणजे अंतराळ, त्यात सात हजारांहून अधिक तारामंडले. एका मंडलातून दुसऱ्यात जायला दरवाजे आहेत आणि एकेक दरवाजा ओलांडत जावे लागते. माल जिथे ठेवाल तिथेच राहतो. इकडे गोदामात टाकला आणि तिकडे काढला, असे चालत नाही. त्यामुळे एकाच वस्तूचा भाव या प्रांतात एक तर त्या प्रांतात दुसरा. जिता नावाचे एक मंडल खेळाडूंच्या ये-जा करण्यानेच मोठी बाजारपेठ बनले. माल वाहणे हा तिथे स्वतंत्र व्यवसाय आहे. वाहतूकदार माल उचलताना मालकाकडे अनामत रक्कम गुंतवतो. माल बुडाला की अनामत गेली. वाटेत लुटारू टपलेले असतात, तेही खेळाडूच. २०१२ मध्ये तर खेळाडूंच्या एका मोठ्या गटाने जितावरच धाड घातली आणि मालाने भरलेली जहाजे फोडली.

त्या खेळात माणसाला मात्र झटपट जाता येते. दूरच्या ठाण्यावर आपले दुसरे शरीर ठेवलेले असेल तर जाणीव त्यात उतरवता येते. पण जहाज आणि माल आधीच्याच जागी राहतो, आणि पुन्हा उडी मारायला मूळ नियमाने २४ तास थांबावे लागते. म्हणजे मित्रांच्या हाकेला धावून जाता येते. गोदाम खांद्यावर घेऊन जाता येत नाही. मोठ्या युद्धनौकांना दरवाजे टाळून लांब उड्या मारण्याचे यंत्र होते. त्याच्या जोरावर बलाढ्य गट अंतराळात कुठेही क्षणात आरमार उभे करू लागले आणि लहान गटांना आपला कोपरा सांभाळणे अवघड झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने नियम केला की, लागोपाठ उड्या मारणाऱ्याला थकवा चढेल आणि पुढची उडी लांबेल. अंतर परत आले. दुबळ्याला अंतराचा आडोसा असतो, हे इतक्या स्वच्छपणे मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेले नाही.

हाच विचार लहान प्रमाणात ‘व्हॅलहाइम’ या स्वीडिश खेळात आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो आला. दहा जणांपर्यंत मित्रमंडळी एकत्र खेळतात. लाकडाची चौकट उभारून जादूचे दार बनवता येते. एका दारातून शिरा, दूरच्या दुसऱ्या दारातून निघा. पण तांबे, कथील, लोखंड, चांदी अंगावर असेल तर दार घेत नाही! दलदलीतून लोखंड काढले की ते जहाजात भरून, वारा पाहून, समुद्रातूनच घरी आणावे लागते. एक जण सुकाणू धरतो, बाकीचे धनुष्य घेऊन पहारा करतात. पोरांना विचारा, त्या खेळातली कोणती गोष्ट आठवते. बहुतेक जण लोखंडाच्या जहाजाचीच सांगतील. ज्यांना वेळ कमी आहे त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२३ पासून ही अट शिथिल करण्याची मुभा दिली आहे. ज्या मंडळीने तो सर्व्हर चालवायला घेतला तिने आपसांत ठरवावे, हे मला पटते.

आपल्याकडे पोरे ज्याला चांगले ओळखतात त्या ‘माइनक्राफ्ट’मध्येही तजवीज आहे. त्यात खाली ‘नेदर’ नावाचे आगीचे पाताळ आहे. तिथले एक पाऊल वरच्या जमिनीवरच्या आठ पावलांइतके. म्हणून मित्र मिळून पाताळात बोगदे खणतात आणि दोन घरांतले अंतर कमी करतात. वाट झटपट होते, पण ती आधी स्वतः खणावी लागते. याउलट अनेक सर्व्हरवर दोन अक्षरे टंकली की थेट मित्राच्या अंगणात. तिथे असे बोगदे खणायला कोण बसणार?

पालकांनी एका गोष्टीवर मात्र नजर ठेवावी, ती म्हणजे पैसा. मार्च २०२४ मध्ये ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ या खेळात झटपट प्रवासाचा खडा खऱ्या पैशांत विकायला ठेवला होता. तो खेळ एकट्याने खेळायचा आहे आणि तसे खडे खेळातही मिळतात, तरी लोक भडकले. भडकणे योग्यच होते. रस्ता आधी कंटाळवाणा करायचा आणि मग सुटका विकायची, हा धंदा एकदा अंगवळणी पडला की खेळ बनवणाऱ्याला रस्ता चांगला करण्याचे कारणच उरत नाही. पोराने अशा खरेदीसाठी हात पुढे केला तर ती वाट त्याने स्वतः एकदा तरी चालून पाहिली आहे का, एवढे विचारा. नसेल, तर पाकीट खिशातच राहू द्या.

आणि तो व्हॅलहाइम खेळत असेल, चौघे मित्र लोखंड भरून निघाले असतील, तर त्या घडीला संगणक खसकन बंद करू नका. त्यात तिघांचा माल आहे. जहाज किनाऱ्याला लागायला किती वेळ आहे, ते विचारा आणि तेवढी दहा मिनिटे द्या.